शालूताईची रात्रपाळी

शालूताई दाराकडे पाठ करूनच जेवायला बसायची. येणाऱ्याजाणाऱ्याने ताटात डोकावू नये म्हणून. मी तिचा सख्खा धाकटा भाऊ, तरी मलाही म्हणायची, "दोनच पोया हायेत, पाहून घे."

अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात ती नर्स होती, कायम रात्रपाळीला. नोकरीला लागली तेव्हा काडीसारखी होती. पुढे अंग सुटलं, साखर वाढली. सासरचे सरळ खादाड म्हणत. हे मी अजून विसरलो नाही. एकदा साखरेने ती मरता मरता वाचली, तेव्हा सासूने कौंडण्यपूरला गूळतुलेचा नवस फेडला. गुळाच्या भेलीवर भेली चढली तरी ताईचं पारडं उचलेना. बाया पदराआड हसल्या. भाऊजी म्हणाले, "देवाले नफाच हाय."

ताई पारड्यातूनच बोलली, "ठेवा आणखी एक. घरच्या पोयांचं वजन नाही हे, दवाखान्याच्या रात्रींचं हाय."

त्याच सुमारास एका संशोधक डॉक्टरबाईंनी अभ्यासासाठी तिच्या पोटाच्या कातडीखालची चिमूटभर चरबी दिवसभरात पुन्हा पुन्हा काढून तपासली. चरबीलाही शरीराचं घड्याळ लागू असतं, त्यांनी समजावलं. तिच्यातली काही जनुकं सकाळी जोरात चालतात, काही संध्याकाळी. झोप-जेवण बाजूला ठेवलं तरी तो फेरा थांबत नाही. रात्रभर जागून खाल्लेलं त्या फेऱ्याच्या उलट जातं. लठ्ठपणाचं तेवढं एकच कारण नसलं, तरी दिवसपाळी मिळवा, असं त्यांनी बजावलं.

ताई त्या दिवशी रडली. "मोहन, माही चरबीही दिवसाची ड्यूटी मागून राहिली," म्हणाली.

मी जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा शून्यातून उभा केलेला माणूस. अमरावतीहून तडक दवाखान्याच्या मालकापुढे जाऊन बसलो. गोड बोललो, भांडलो, टेबलावर हात आपटला.

"त्यांना खाताना तोंड आवरायला सांगा," तो म्हणाला. "रात्री भरवशाची बाई लागते मला."

"भरवशाच्या बाईले मारता काय?"

त्याने घंटी वाजवून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

पुढच्या उन्हाळ्यात ताईचं हृदय ड्यूटीवरच बंद पडलं. तेरवीला मालक आला. "वजनाकडे दुर्लक्ष केलं त्यांनी," असं चारचौघांत म्हणाला. मी उठलो, तसा भाऊजींनी माझा हात धरला.

"जाऊ दे ना, मोहन. सोनलले कामावर घेतो म्हणून राहिले साहेब." सोनल ताईची मुलगी, नुकतीच नर्स झालेली.

"कोणत्या पाळीले?" मी विचारलं.

भाऊजींनी मालकाकडे पाहिलं. तो खाली मान घालून जेवत होता.

"तिच्या आईचीच जागा रिकामी हाय ना," भाऊजी म्हणाले.