पवळ्याची घुंगुरमाळ

घोडा पळवायला काय, कुणीही पळवील. पळवून आणल्यावर त्याला निववायला मात्र आमचा दादूच लागायचा.

तळोज्याकडच्या खाजणात सकाळी त्याचा छकडा सुटायचा. एका बाजूला घोडा तुफान, दुसऱ्या बाजूला बैल पवळ्या. आपल्याकडच्या शर्यतीची जोडीच तशी. घरी आलं की दोघांना शेजारी शेजारी फिरवायचं, आणि श्वास खाली बसला की मग घोटघोट पाणी. उन्हाळ्यात आधी पायांवर, मानेवर पाणी मारून आंब्याच्या सावलीत फेऱ्या. पावसाळ्यात खुरांतला चिखल उकरून गोणपाटानं अंग कोरडं करायचं. थंडीत अंगावर पाण्याचा थेंब नाही. पेंढ्यानं चोळायचं आणि पाठीवर गोधडी टाकायची. गोधडी शांतीची, म्हणजे दादूच्या बायकोची.

"मंग मी काय पांघरू?" तिनं एकदा विचारलं.

"तू कुठं पलून आलीस?" दादू म्हणाला.

आता शांती खरोखरच त्याच्याबरोबर पळून आलेली! पुढं दोन दिवस दादूला गार भाकर मिळाली.

तर दिवाळीच्या सुमारास पवळ्या गेला. तुफान उसन्या बैलाबरोबर पळायचा, पण तो बैल आपल्या घरी गेला की ह्याची मान वर ती वरच. नाकपुड्या फुललेल्या, बादलीला तोंड लावेना. दादू त्याला फिरव फिरव फिरवायचा. गुडघे बोलायला लागले, कंबर धरली, पण घोडा काही निवेना.

एका थंडीच्या सकाळी तुफान असाच पळून आला, तेव्हा रातपाळी करून आलेला मुलगा जीवन म्हणाला, "बाबा, हा असाच मरंल एक दिवस. नि तुमी त्याच्या आधी. पनवेलचे बद्रुद्दीनचाचा वरातीसाठी नेतायत. मी बोलावलंय त्यांना."

"नेऊ दे," दादू म्हणाला. इतका थकला होता, की वाईट वाटायलाही अंगात जोर नव्हता.

जाताना घोड्याच्या गळ्यात घालावी म्हणून त्यानं खुंटीवरची पवळ्याची घुंगुरमाळ काढली. आधी गोधडी टाकायची होती, हात मोकळे हवेत, म्हणून माळ स्वतःच्याच गळ्यात अडकवली. माळ वाजली आणि तुफानचे कान वळले. दादू दोन पावलं चालला, तसा घोडाही चालला. मान हळूहळू खाली आली. आंब्याखाली फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, आणि गड्यानं बादलीत तोंड घातलं!

बद्रुद्दीन फाटकात उभा राहून बघत होता.

"दादूभाई, घोड्यासाठी आलो होतो. हा बैलपण घ्यावा लागेल का?"

"बैल म्हातारा हाय. परवडायचा नाय."

"मग घोडा राहू दे. वरातीत नवरदेवापुढं तुम्हाला कुठं चालवू?" असं म्हणत तो हसत हसत ओट्यावर टेकला.

शांती चहा घेऊन आली. "बैलोबा, चा घ्या."

दादूही टेकला. आता कुठं बूड टेकलं होतं. गुडघे दाबत त्यानं कप तोंडाला लावला. माळ गप्प झाली.

आंब्याखाली तुफाननं बादलीतून तोंड काढलं, मान वर केली.

दादूनं कप खाली ठेवला. "आलो रं बाबा," म्हणत तो खांबाला धरून उठला आणि पुन्हा फेरी घालायला निघाला.