बन्सीचा कोपरा

तिसगावच्या आसपास कुणी मुरघासाचा, म्हणजे हिरवा चारा दाबून मुरवायचा, खड्डा भरायला घेतला की बन्सीला सांगावा जायचाच. कुट्टी मशीन कुणाचंही असो, ट्रॅक्टर कुणाचाही असो, कोपरे बन्सीचे. मक्याच्या बारीक कापलेल्या कुट्टीवर ट्रॅक्टर मागं-पुढं फिरवला की मधला भाग दाबून बसतो. भिंतीकडेला मात्र चाक पोचत नाही आणि हवा नेमकी तिथंच दडून राहते. हवा राहिली की चारा सडला. म्हणून बन्सी चपला काढून कोपऱ्यात उभा राहायचा आणि टाचेनं एकेक थर बसवायचा. लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली येऊन त्याच्या डाव्या पायाचा अंगठा गेला होता. त्या चार बोटांच्या पायाचा त्याला भारी तोरा. "माजा कोपरा सडला तर मिशी उतरवीन," असं तो ज्याच्या त्याच्या खड्ड्यावर सांगायचा. मिशी शेवटपर्यंत शाबूत राहिली.

बायको कडूबाई त्याला टोमणे मारायची. "घरात पानी भरायचं म्हनलं की पाय दुखत्यात, आन लोकांचं खड्डं तुडवायला बरं जमतंय!"

यंदा भादव्यात त्यांनी स्वतःच्या चार गाईंसाठी खड्डा भरला. वर मीठ पसरून, कोपरा पुन्हा एकदा तुडवून बन्सी खाली उतरला. मुलानं, हनुमंतानं, काळा कागद ओढला आणि तिघांनी मिळून कडेनं मातीच्या गोण्या ठेवल्या. "आता दीड महिना कुनी हात लावायचा न्हाई," बन्सीनं बजावलं. पाचव्या दिवशी सकाळी धार काढता काढता तो तिथंच कलंडला. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

त्याचे कपडे रीतीप्रमाणे दिले गेले, चपलाही गेल्या. फोटो म्हणावा तर आधार कार्डावरचा, आणि त्यात तो पकडलेल्या चोरासारखा दिसायचा. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि भाकरी थापता थापता कडूबाईला आठवलं, त्या कागदाखाली त्याचा पाय असेल.

हनुमंत डेअरीवर गेल्यावर तिनं कोपऱ्यावरची गोणी सरकवली आणि कागद उचलला. दबलेल्या कुट्टीत चार बोटांचा पाय उमटलेला होता. टाच खोल, बोटं स्पष्ट. तिनं त्यात तळहात ठेवला तर आत ऊब होती. कुट्टी मुरताना गरम होते हे तिला ठाऊक होतं. तरी ती तिथंच बसून पोटभर रडली.

मग ते रोजचंच झालं. कागद उचलला की हवा शिरते हे तिला कळत नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून तिनं दुसरं ऐकलं तरी काय होतं? पण एवढ्याशा फटीतून असं कितीसं वारं जाणार, अशी ती मनाची समजूत घालायची.

दिवाळीनंतर खड्डा उघडला. शेजारचा अजिनाथ हाताखाली आला होता. चारा पिवळाधमक निघाला, आंबूसगोड वास सुटला, गाई लांबूनच हंबरायला लागल्या. तेवढा एक कोपरा काळा, चिकट, वर पांढरी बुरशी.

"बन्सीनाना जाता जाता कोपरा कच्चा ठिवून गेलं की," अजिनाथ हळहळला.

"शेवटी शेवटी दमायचे आबा," हनुमंत म्हणाला आणि त्यानं फावडं उचललं.

कडूबाईनं दोघांकडं पाहिलं. आपण गप्प बसलो तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण बाजाराच्या दिवशी गावभर हेच होणार होतं, बन्सीचा कोपरा सडला.

"त्यांनी कच्चा न्हाई ठिवला," ती म्हणाली. "मी कागद उचलत हुते. रोज."

"कशापायी गं?" हनुमंतानं विचारलं.

"त्यांचा पाय उमटला हुता आत. चार बोटांचा."

अजिनाथ गाईंकडे निघून गेला. एवढा चारा वाया गेला, आता पोरगा ओरडणार, म्हणून कडूबाई खाली मान घालून उभी राहिली. हनुमंतानं फावडं टाकलं, गुडघ्यावर बसला आणि तो काळा लगदा हातानं हळूहळू बाजूला सारू लागला. बराच वेळ तो तसाच शोधत राहिला. पाय कुठंच नव्हता.

"आये," तो म्हणाला, "मला यकदा तरी बोलवायचं हुतंस."