धाकट्याची खाज आणि दोन निरांजनं

माझ्या धाकट्या भावाला खाज सुटली तेव्हा आमच्या गल्लीत जो तो वैद्य झाला. मी नऊ वर्षांची होते, तो दीड वर्षाचा. गाल लालबुंद, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खळग्यांत कातडी सोललेली, आणि दिवसभर खसाखसा खाजवणं. शेजारच्या अक्कांनी वांग्यावर ठपका ठेवला. गरोदरपणात आपण वांग्याला शिवलेही नाही, असं आईनं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "सरी," म्हणजे बरं, "मग शेंगदाणे असतील." अक्कांचं निदान कधी चुकायचं नाही, फक्त बदलायचं.

अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, खाजेपेक्षा थंडीची काळजी. ते शिंपी. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहून आमच्या घराण्यानं दोन गोष्टी जपल्या होत्या: कन्नड शब्दांनी भरलेली मराठी आणि उरलेल्या कापडाचा मोह. कॅन्टोनमेंटमधल्या साहेबांच्या सुटांतून जे तुकडे उरत, त्यांचं भावाला झबलं होई, टोपडं होई, चड्डी होई. सगळं लोकरी, जाडजूड, आणि अस्तराशिवाय. ते पोर पेन्शनीत निघालेल्या जजसारखं दिसायचं. अण्णा कौतुकानं म्हणत, "स्वल्प टोचेल, पण ऊब बघा!"

आई मात्र या थट्टेत कधीच नसे. पोराला साधी शिंक आली तरी तिच्या हातातलं काम थांबायचं. मला तिचा रागच यायचा, कारण तो शिंकला की माझं खेळायला जाणं रद्द.

शेवटी अण्णांच्याच एका गिऱ्हाइकाकडे, परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांकडे, त्याला नेलं. घरी एकटी ठेवली तर मी काय दिवे लावीन या भीतीनं मलाही नेलं. डॉक्टरांनी कातडी पाहिली थोडी, प्रश्नच जास्त विचारले. कान वाहतात का? न्यूमोनिया झाला होता का? न पडता-धडपडता अंगावर काळेनिळे डाग उठतात का? आई नाही नाही म्हणत होती. मग त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "आईच्या माहेरी कुणी भाऊ लहानपणी गेलाय का?"

"मला भाऊच नाहीत," आई म्हणाली.

"आई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते," मी आगाऊपणे माहिती पुरवली. "ताटात दोन निरांजनं ठेवते. एक वाऱ्यानं विझलं तर दुसरं असावं म्हणून."

हे वाऱ्याचं कारण माझं मीच शोधून काढलं होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि ती रडायलाच लागली.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. बहुतेक पोरांची खाज ही नुसती खाज असते. छळते, पण जीव घेत नाही. क्वचित एखाद्या मुलाच्या रक्तातच रोगाशी लढायची ताकद कमी असते आणि खाज हे त्याचं वरचं चिन्ह असतं. ते दुखणं आईकडून मुलाकडे येतं, आई स्वतः धडधाकट असते. "म्हणून विचारतोय. लपवू नका."

आमच्यात मुलगी दाखवताना तिच्या गेलेल्या भावांचा विषय काढत नसत. त्या घरात मुलगा जगत नाही असा शिक्का बसला, तर मुलीला कोण करून घेणार? त्यामुळे इतक्या वर्षांच्या संसारात अण्णांनाही पत्ता नव्हता. त्यांच्याकडे न बघता आई म्हणाली, "दोन होते. एक तीन वर्षांचा, एक दहा महिन्यांचा. देवी आल्या. एकाच आठवड्यात दोघं गेले." मग अगदी हळू, "आता यालाही माझ्यामुळेच का?"

"देवी यायच्या आधी ते सारखे आजारी असायचे?"

"नाही हो. मोठा तर दिवसभर मला घोडा करायचा."

"मग ती रक्तातली खोट नव्हे. ती साथ होती." तरी खात्रीसाठी त्यांनी भावाचं रक्त तपासायला घेतलं. आठवड्यानं ते निर्दोष निघालं.

रक्त घेऊन झाल्यावर त्यांनी झबल्याचं टोक चिमटीत धरलं आणि नीट निरखलं. "हे तर माझ्या सुटाचं कापड!"

अण्णांनी छताकडे पाहिलं.

"वेस्टकोटाला पुरलं नाही म्हणाला होतात."

"स्वल्प कमीच पडलं होतं, सर."

डॉक्टर खो खो हसले. लोकर बंद, जुनं मऊ सुती कापड, आणि डांबराचा वास येणारं एक मलम, एवढं त्यांनी सांगितलं. अक्कांना हे औषध मुळीच पटलं नाही. खाज बरीच कमी झाली.

त्या दिवशी घरी परतताना आईला वाटत होतं, आता अण्णा रागावणार. अण्णांनी भावाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "नावं काय होती दोघांची?"

आईनं सांगितली. मग रस्ताभर ती त्यांच्याबद्दलच बोलत राहिली. तिला इतकं बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी भावाला ओवाळलं, तेव्हा तो गुडघा खाजवत बसला होता. नंतर आई ताट घेऊन अंगणात गेली. चंद्राची कोर दिसत होती आणि वारा सुटला होता. मी धावत जाऊन वाऱ्याच्या बाजूला उभी राहिले आणि परकर दोन्ही हातांनी पसरून धरला.