अण्णांच्या मशीनला स्कूटरचा कार्बोरेटर

माझे थोरले भाऊ, अण्णा, श्रावणात गेले. मागे वहिनी राहिल्या, केलगेरीच्या रस्त्याला लागून असलेलं लग्नाचं लॉन राहिलं आणि लॉन कापायचं मशीन राहिलं. मशीन लाल रंगाचं, बसून चालवायचं, लहान ट्रॅक्टरसारखं. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या वसाहतीतून अण्णांनी ते लिलावात आणलं होतं. आसपासचे लोक त्याला ‘हुल्लिन गाडी’ म्हणायचे, म्हणजे गवताची गाडी. अण्णा सकाळी त्यावर बसून फेऱ्या मारत आणि मी मळमड्डीहून, म्हणजे माझ्या घरून, आलो की त्यांच्या पायरीवर बसून वाचत असे. त्या आवाजात वाचायची मला इतकी सवय झाली होती की अण्णा गेल्यावर पुस्तक उघडलं तरी ओळ पुढं सरकेना.

दिवाळीनंतर वहिनींचे भाऊ बेळगावहून येऊन राहिले. माणूस वाईट नव्हे, पण कामाचा उरक फार. जागेला गिऱ्हाईक त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं. बाईमाणसाला लग्नाचं लॉन चालवणं झेपत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि वहिनी चार महिने कुणाशी धड बोलत नसल्यामुळं ते खोडायलाही कुणी नव्हतं. शेवटी एवढं ठरलं की रविवारी एक मुलीकडची मंडळी जागा बघायला येणार आहेत. त्यांनी पसंत केली तर वहिनींनी लॉन चालवावं. नाही केली तर सोमवारी विक्रीच्या कागदांवर सह्या.

गवत तोवर पोटरीला लागत होतं. विळे घेऊन दोन बायका आल्या, त्यांनी एक कोपरा कापला, तो न्हाव्यानं अर्धवट सोडलेल्या डोक्यासारखा दिसायला लागला. वहिनींनी त्यांना चहा देऊन परत पाठवलं. राहिलं मशीन. किल्ली फिरवली की ते दोनदा खोकायचं आणि गप्प व्हायचं.

मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलं. माझ्या हातून आजवर साधा नळ दुरुस्त झालेला नाही. पण मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तक अण्णांनी खाकी कव्हर घालून जपून ठेवलं होतं, आणि छापील मजकूर समोर असला की मला नको तो धीर येतो. दोन दिवस वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की दोष कार्बोरेटरमध्ये आहे. पेट्रोल आणि हवा जिथं एकत्र होतात तो भाग. अण्णा काम झालं की टाकीची तोटी बंद करून कार्बोरेटर कोरडा होऊ देत. शेवटच्या दिवशी त्यांना बरं वाटत नव्हतं, ते तसेच उठून घरात गेले. मी खालची वाटी सोडवली तेव्हा त्या दिवसाचं पेट्रोल तिच्यात तसंच होतं, आटून काकवीसारखं झालेलं. मी ती वाटी बराच वेळ हातात धरून बसलो.

मग नीट, पुस्तकाबरहुकूम, सगळे भाग सुटे केले आणि स्टीलच्या ताटात मांडले. पितळेचा जेट, म्हणजे ज्याच्या केसाएवढ्या भोकातून पेट्रोल येतं तो स्क्रू. तरंगणारा फ्लोट. लवंगेएवढी एक सुई. ताट स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवलं आणि साफ करायचा फवारा आणायला बाजारात गेलो. ही चूक माझी. पितळेच्या वस्तू ताटात मांडून कट्ट्यावर ठेवल्या तर आमच्या घरात त्यांचं एकच होतं.

परत आलो तर सगळं झळकत होतं. वहिनींनी चिंच आणि राख लावून एकेक भाग घासला होता, देव घासावेत तसा. चार महिन्यांत त्यांनी आपणहून केलेलं ते पहिलं काम असावं, म्हणून मी आधी छान झालंय म्हणालो. मग जेट उजेडाकडे धरला. भोक राखेनं गच्च बुजलं होतं. आणि सुई नव्हती.

“वहिनी, यात एक बारीक सुई होती.”

वहिनींनी मोरीकडे बघितलं.

पुढचा तासभर आम्ही दोघं, मिळून एकशे तीस वर्षांची माणसं, मोरीपाशी पालथे पडून केसाच्या आकड्यानं गाळात शोधत होतो. एक लवंग सापडली, खरीखुरी. मग एक बटण. ते अण्णांच्या बंडीचं निघालं. मग शेजारणीनं चोरलं असा वहिनींना पंधरा वर्षं संशय असलेला चांदीचा चमचा निघाला, आणि वहिनी हसायला लागल्या. आधी नाकातून, मग भिंतीला पाठ टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारणीला आपण काय काय बोललो ते त्या सांगायला लागल्या आणि मलाही आवरेना. हसायचं राहून गेलं होतं असं नाही, एकमेकांची लाज वाटून आम्ही ते टाळत होतो. तेवढ्यात वहिनींचे भाऊ दारात येऊन उभे राहिले. वर्षश्राद्धही न झालेल्या घरात हे काय चाललंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. वहिनींनी त्यांना चमचा दाखवला. त्यामुळं त्यांच्या ज्ञानात काही भर पडली नाही.

सुई काही सापडली नाही, तेव्हा शुक्रवारी मी मळमड्डीतल्या रिक्षा दुरुस्त करणाऱ्याला घेऊन आलो. त्यानं कार्बोरेटर हुंगला आणि मला विचारलं की सर, याला चिंचेचा वास कसा काय. मी खरं ते सांगितलं. तो उठून बाहेर गेला, मला वाटतं हसायला, आणि परत आला तेव्हा चेहरा डॉक्टरसारखा होता. नवा मागवला तर पंधरा दिवस. मग त्यानं शेडमध्ये नजर टाकली. तिथं अण्णांची जुनी स्कूटर उभी होती.

शनिवारी संध्याकाळपर्यंत स्कूटरचा कार्बोरेटर मशीनवर बसला. मध्ये बसवायची पट्टी त्यानं पत्र्यातून कापली. पट्टीखाली घालायला जाड पुठ्ठा मागितला, तेव्हा मी खाकी कव्हराखालचा माहितीपुस्तकाचा पुठ्ठा फाडून दिला. त्या पुस्तकाचा मशीनला प्रत्यक्ष झालेला उपयोग तेवढाच. स्कूटरची पिळायची मूठ वायरसकट स्टीअरिंगला बांधली. मशीन सुरू झालं आणि रिक्षासारखं ओरडलं. मी बसलो, मूठ पिळली आणि सरळ जास्वंदीत गेलो.

मला उतरवून वहिनी बसल्या. पदर खोचला, पाय ठेवले, आणि वीस वर्षं खिडकीतून बघितलेलं काम पहिल्याच फेरीत बिनचूक केलं. दुरुस्ती करणाऱ्यानं त्यांना एकच ताकीद दिली. “अक्का, एकदा चालू झालं की थांबवू नका. गरम असताना बंद पडलं तर तासभर ऐकणार नाही ते.”

रविवारी मंडळी अकराला यायची होती. वहिनी आठला मशीनवर बसल्या. मंडळी नऊलाच आली.

अर्धं लॉन कापून झालं होतं, अर्धं जंगल. मुलीचे वडील फाटकाशी उभे राहिले, मागं मुलीची आई. दोघं अळणावर गावची, बोलणं सगळं कन्नडमध्ये. वहिनी त्यांच्या समोरून गेल्या, नमस्कार केला, आणि पुढं निघून गेल्या. थांबणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या फेरीला बसा म्हणाल्या. तिसऱ्या फेरीला मला म्हणाल्या की भाऊजी, पाणी द्या. वहिनींचे भाऊ हातात विक्रीच्या कागदांची फाइल घेऊन लगबगीनं पुढं झाले. या, इकडं सावलीत या, माझ्याशी बोला, माझ्या बहिणीला यातलं काही कळत नाही, असं काहीसं त्यांनी सुरू केलं.

मुलीच्या वडिलांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा लांबून येणाऱ्या लाल मशीनकडे. मशीन जवळ आलं तसं त्यांनी ओरडून विचारलं, “अक्का, आम्ही बोलायचं कुणाशी?”

“माझ्याशी,” वहिनी म्हणाल्या. “पण चालत चालत.”

आणि ते खरंच चालायला लागले. धोतराचा सोगा हातात धरून, मशीनच्या बाजूनं, थोडे चालत, थोडे पळत. पंगत किती बसते, ते एका फेरीत. पाणी कुठून येतं, ते दुसऱ्या. आचाऱ्याला आडोसा कुठं, हे विचारेपर्यंत त्यांना दम लागला, तेव्हा मुलीच्या आईनं चपला काढून कापलेल्या गवतावर ठेवल्या आणि पुढचे प्रश्न स्वतः घेतले. त्यांचा वेग नवऱ्यापेक्षा बरा होता. दोघींचं काय चाललंय ते इंजिनच्या आवाजात आम्हाला ऐकू येईना. फक्त मुलीची आई मध्येच हात कमरेवर ठेवून हसताना दिसत होती. एका फेरीला त्या आमच्याजवळ थांबून नवऱ्याला धापा टाकत म्हणाल्या की हीच जागा घ्यायची, ही बाई कुठं पळून जाणारी नाही. मग परत मशीनच्या मागं गेल्या, हळदीचा मांडव कुठं घालायचा ते विचारायचं राहिलं होतं.

वहिनींचे भाऊ फाइल काखेत धरून मधल्या न कापलेल्या पट्ट्यात उभे होते. पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या तिथंच होत्या. मशीन वळून त्यांच्या दिशेनं येऊ लागलं.

“दादा,” वहिनींनी मूठ न सोडता हाक दिली, “त्या खुर्च्या उचल.”

त्यांनी आधी फाइल ठेवायला जागा शोधली, ती सापडेना, तेव्हा माझ्या हातात दिली. मग एकात एक चार खुर्च्या घातल्या, उचलल्या आणि बाजूला झाले.