लाकडी साचा, लोखंडी साचा

पनवेलच्या उरण नाक्यावर काशिराम बावीस वर्षं जकात कारकून होता. रोडपालीच्या मिठागरात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या घरातला तो पहिलाच माणूस, ज्याच्या पायांना खाऱ्या पाण्याच्या भेगा नव्हत्या. सातवी झाला, नगरपालिकेत चिकटला, पनवेलातच दोन खोल्या घेऊन राहिला. बोलायचा कमी. नाक्यावरून सुटला की ओटीवर बसून तसबिरींना लाकडाच्या चौकटी करायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यानं चौकट कधी कुणाला विकली नाही. गावातल्या कितीतरी घरांत देव त्याच्या चौकटीत होते आणि मेलेली माणसंही. कुणी विचारलंच तर तो ‘हौस हाय’ म्हणायचा, आणि म्हणताना खाली बघायचा, जणू काही लाजिरवाणं कबूल करतो आहे.

चौकटीचं काम दिसायला सोपं. चार पट्ट्या, चार कोपरे. पण पट्टीचं टोक जेवढं तिरकं हवं तेवढंच कापलं गेलं पाहिजे. थोडं चुकलं तरी पहिला कोपरा जुळतो, दुसरा जुळतो, तिसरा दाबून जुळवता येतो. त्या तिन्हींत लपवलेलं सगळं चौथ्यात गोळा होतं आणि तिथं फट पडते. म्हणून साचा लागतो: तीन फळ्यांची उघडी पन्हळ आणि तिच्या दोन्ही भिंतींत समोरासमोर तिरक्या खाचा. पट्टी आत ठेवायची, करवत खाचेत घालायची, ओढायची. काशिरामचा साचा विठू सुतारानं बाभळीच्या फळ्यांचा करून दिला होता. त्यात करवत जराशी सैल चालायची. ती सैल जागा हातानं सांभाळायची असते. काशिरामचा हात ती सांभाळायचा.

चोपन्न सालचा पावसाळा सरला आणि उजवा हात हलायला लागला.

नुसता मांडीवर पडलेला असला की गप्प असायचा. काही धरायला, टेकवायला, कापायला गेला की थरथरायचा, आणि नेमक्या जागेजवळ आला की जास्तच. नाक्यावर एक गाडीवाला पावती उन्हात धरून म्हणाला, “कारकूनसायब, अक्षर काडलंय का करवत फिरवलीय?” बाकीचे गाडीवाले हसले. काशिरामही हसला.

त्याला हा हात ओळखीचा होता. त्याचा बाप बुधाजी पंचेचाळिशीत असाच हलायला लागला होता. मिठागरातले सोबती त्याच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या देऊन तोंडापर्यंत किती पोचतं यावर पैजा लावत. तीन वर्षांत त्याला भरवावं लागलं. पुढं तो भरवू देईना. रोडपालीत आजही जुनी माणसं त्याला हलता बुधाजी म्हणूनच ओळखत. काशिराम तेव्हा पंधरा वर्षांचा होता, आणि पैज लावणाऱ्यांत एकदा तोही होता.

आता तो सेहेचाळीसचा होता आणि त्याच्या एकुलत्या मुलीचं, चंद्रावतीचं, लग्न ठरत होतं.

स्थळ उरणचं. बायकोचा भाऊ आनंदा, त्यानं आणलेलं. सुपारी फोडायला ती मंडळी आली तेव्हा मुलाची आजी, डोळ्यांनी अधू पण कानांनी तिखट म्हातारी, एकदम म्हणाली, “रोडपालीचा बुधाजी तो ह्यांचाच का रं? हलायचा तो?”

 आनंदा लगेच मध्ये पडला. “म्हातारपनी कोनाचा हात हलत नाय, आजे? तुजा नाय हलत? पन पानाला चुना लावताना कसा सरळ जातो!”

सगळे हसले. मुलाचा बाप दिनानाथ मात्र हसू संपल्यावर काशिरामकडे वळला. “व्याही, देन्याघेन्याचं काय नाय. रुखवतात एक आरसा ठेवा, मोठा. चौकट तुमच्या सोताच्या हातची पायजे. आमच्या व्याह्याचा हात कसा हाय तो उरनात लोकांना दाखवू.”

हे कौतुक होतं की परीक्षा, हे काशिरामला कधीच कळलं नाही. तो ‘हो’ म्हणाला. त्या वेळी दोन्ही हात त्यानं मांडीखाली दाबून धरले होते.

दुसऱ्याच रविवारी तो एस. टी. नं ठाण्याला आणि तिथून मुंबईला लोहार चाळीत गेला. हत्यारांच्या एका दुकानात म्हाताऱ्या बोहऱ्यानं त्याच्यासमोर दोन साचे ठेवले. एक लाकडाचा, विठूच्या साच्यासारखाच, फक्त गुळगुळीत. दुसरा विलायती, लोखंडी: जड बैठक, वर दोन खांब, आणि करवत त्या खांबांच्या चिमटीत धरलेली. बाजूला अंशांच्या खुणा.

“घर के शौक के वास्ते है ना?” बोहरी म्हणाला. “तो लकडी का ले जाओ, नौ रुपया. यह नब्बे का है. कारखानेवाले लेते हैं. शौक में इतना पैसा कायको डालता?”

“फरक काय पण?”

“लकडीवाले में हाथ मंगता है. इसमें हाथ का काम नहीं. चलाके देखो.”

बोहऱ्यानं एक तुटकी पट्टी अडकवून दिली. काशिरामनं मूठ धरली आणि करवत ओढली. मनगटातला हिसका खांबांपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. पातं हललं नाही. लाकडाचा भुसा एका सरळ रेषेत पडत गेला. दोन तुकडे त्यानं एकमेकांना लावले, उजेडाकडे धरले. मधून उजेड आला नाही. त्याचा गेलेला हात त्या लोखंडात कुणीतरी जपून ठेवला होता असं त्याला वाटलं, आणि नव्वद रुपयांत तो परत मिळत होता. किती दिवसांसाठी, हे त्यानं स्वतःला विचारलं. दोन वर्षं? बापाच्या हिशेबानं तीन. धडधाकट माणसाला स्वस्तातला साचा पन्नास वर्षं पुरतो. ज्याच्या हाताचे दिवस भरत आले, त्यालाच महागातला लागतो.

“पुढच्या रविवारपर्यंत ठेवा,” तो बोहऱ्याला म्हणाला.

घरी त्यानं नुसतं एवढंच सांगितलं की लोखंडी साचा घ्यावा म्हणतो. बायको गुणाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“अवो, लग्न तोंडावर हाय आनि तुमाला खेळना सुचतो? नव्वद रुपये? देव बसवले इतक्या चौकटींत, तवा विठूचा साचा वाईट नव्हता तो?”

आनंदा तिथंच बसला होता. लग्नाच्या कामासाठी त्याच्या चकरा सुरू होत्या. उरणहून निरोप तोच आणायचा आणि इथले तिकडे तोच न्यायचा. “दाजी, खरं सांगा, त्याच्यात असं काय हाय? विठूच्या साच्यात काय कमी हाय?”

खरं एकच होतं आणि ते एका वाक्यात सांगता आलं असतं. काशिरामनं तोंड उघडलं. आनंदा मान पुढं करून ऐकत होता. त्याच्या पोटात काही राहत नसे. ते वाक्य संध्याकाळपर्यंत उरणला पोचलं असतं.

“तसं काय नाय,” काशिराम म्हणाला. “दिसला म्हनून बोललो.”

“हां! मंग आता ऐका. जुना झिजला असंल तर विठूकडनं नवा करून देतो मी. माज्याकडनं. भाचीच्या आरशाला मामाचा हातभार.”

चार दिवसांत नवा लाकडी साचा आला. विठूनं सागाचा केला होता, खाचा अगदी तंग. परत करायला कारण नव्हतं. रविवार आला आणि गेला. काशिराम मुंबईला गेला नाही.

त्यानं पट्ट्या रंधल्या, करवत खाचेत घातली. थरथर पात्यात उतरली. पातं खाचेच्या भिंतीवर आपटू लागलं आणि करवतीचे दात साच्यालाच खाऊ लागले. पहिल्या चौकटीच्या चौथ्या कोपऱ्यात नख जाईल एवढी फट राहिली. दुसऱ्या खेपेला खाच आणखी रुंद झालेली, म्हणून फटही रुंद. हात जितका हलेल तितका साचा सैल होत होता, आणि साचा जितका सैल तितकं हाताला मोकळं रान. तिसऱ्या खेपेला त्यानं फटीत सरस आणि भुसा भरला. सुकल्यावर तो भाग काळा पडला. बिघडलेल्या पट्ट्या तो चुलीमागं सरपणात खाली दडवून ठेवायचा.

तिथंच त्या चंद्रावतीला सापडल्या. चांगला साग कोण जाळतो म्हणून ती विचारायला ओटीवर आली, तेव्हा तो डाव्या हातानं उजवं मनगट आवळून करवत ओढत होता. ती उभी राहून बघत राहिली. मग ओटीच्या दाराला कडी घालून आली.

“आजासारखं?” तिनं विचारलं.

त्यानं मान डोलावली.

“मंग तो लोखंडी का नाय आनलात?”

“कशाला पायजे ते सांगावं लागलं असतं.”

ती त्याच्यासमोर बसली. त्याच्या हातातून करवत घेतली. “कसं धरायचं ते सांगा.”

लहानपणापासून ती बघत आली होती. सांगावं फार लागलं नाही. झिजलेल्या खाचेच्या एका भिंतीला पातं टेकवून ती सावकाश ओढत गेली. दोन दुपारी दार लावून काम चाललं. चौथा कोपरा मिटला तेव्हा काशिरामनं त्यावरून अंगठा फिरवला. सांधा लागला नाही. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला तिचा हात आपल्यासारखा दिसला, सगळ्याच बाबतींत, आणि तो उठून मागच्या दारी गेला.

वैशाखात लग्न लागलं. रुखवतात आरसा सगळ्यांत उंच ठेवला होता. उरणच्या बायका चौकटीवरून बोटं फिरवून ‘बापाच्या हातची हो’ म्हणत होत्या. बाप मांडवात नव्हता. मुलीचा हात देताना पाणी सोडावं लागतं, चारशे माणसांसमोर, बारीक धारेनं, आणि त्यासाठी कोणत्याही दुकानात साचा मिळत नाही. सकाळपासूनच ताप भरला असं त्यानं सांगितलं होतं. कन्यादान मामानं केलं. काशिराम आतल्या खोलीत घोंगडी पांघरून पडून होता, आणि लग्नाचे विधी गाऊन लावणाऱ्या धवलारणीची गाणी भिंतीपलीकडून त्याला ऐकू येत होती.

अक्षता पडल्यावर दिनानाथ आत आला. “व्याही, आरसा एक नंबर. हात द्या तो.”

घोंगडीतून हात बाहेर आला. दिनानाथनं तो दोन्ही हातांत धरला, आणि सोडला नाही.

“थंडी वाजतेय?”

“ताप हाय.”

“अंग तर गार हाय,” दिनानाथ म्हणाला.  मग हात घोंगडीत परत ठेवला आणि बाहेर गेला.

कुणी भांडलं नाही. चंद्रावतीला कुणी घालून पाडून बोललंही नाही. दिवाळसणाला ती माहेरी आली ती बारीक होऊन. आईनं खोदून विचारल्यावर म्हणाली, “चांगली हायत मानसं. फक्त सासू चहा काठोकाठ भरते आनि सगळ्यांसमोर माज्या हातात देते. मामंजींना, आजीला नेऊन द्यायला. मी चालले का सगळी गप होतात. बशीत पडला नाय तर पुन्ना बोलाया लागतात.”

काशिराम दारात उभा होता. चंद्रावतीनं त्याला पाहिलं. तिनं चुलीवरचं पातेलं उचललं, कप काठोकाठ भरला, तळहातावर घेतला आणि हात सरळ त्याच्याकडे लांब केला.

“बघा, बाबा. हलतो?”

त्याला बघायचं नव्हतं. तो बघायला लागला. चहा स्थिर होता. वर साय धरू लागली होती. तिनं हात खाली घेतला नाही आणि त्यानंही नजर काढली नाही. मग सायीच्या कडेला एक बारीक सुरकुती उठली. इतका वेळ धरला तर कुणाचाही हात हलतो; हे दोघांनाही माहीत होतं.

“ठेव आता,” तो म्हणाला.

तिनं कप ठेवला नाही.