पातेऱ्याची चार पोती

माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे. ती फार थोडं बोलते, अंगाला हात लावलेला तिला चालत नाही, आणि ठरलेलं काही हललं की कान दाबून बसते. याला ऑटिझम म्हणतात हे ती दहा वर्षांची असताना आम्हाला मुरबाडला कळलं. त्याआधी मी समजत होते, माझ्यावर गेली. मीही चारचौघांत तोंड उघडत नाही. म्हणून तिच्या गप्प राहण्याची मला कधी काळजी वाटली नाही.

वर्षातलं एक काम तिचं होतं. भाताचं रोप जिथे करायचं तिथे आम्ही राब रचतो आणि उन्हाळ्यात भाजतो, म्हणजे तण मरतं. खाली वाळलं शेण, त्यावर तोडलेल्या डहाळ्या, मग पातेरा म्हणजे गळलेला वाळला पाला, गवत, आणि वरून बारीक माती. तिच्यासारखा एकसारखा थर घरात कोणाच्या हातून पडत नसे. संक्रांत झाली की ती पोतं घेऊन झाडांखालचा पातेरा गोळा करायला निघायची. सांगावं लागत नसे.

यंदा ह्यांनी ठरवलं, राब नको, माती उंच करून गादीवाफा करू, त्यावर रोप. ते चांगलंच होतं, धूर नाही, झाडं तोडणं नाही. पण तिला कोणी सांगितलं नाही. मीही नाही. तिला काय कळणार, असं मी तोंडाने म्हटलं नाही, पण वागले तशीच.

तोवर गोठ्यामागे तिने चार पोती पातेरा भरून ठेवला होता. जाऊ म्हणाली, "गो, ह्यात इंचू निघल एखादा, टाक नेऊन." मी ती पोती उकिरड्यावर ओतली. मुलगी दारात उभी राहून बघत होती. रडली नाही, ओरडली नाही. गप्प राहिली म्हणून मला बरंच वाटलं.

मग ती जेवेनाशी झाली. सकाळच्या पेजेची पहिली वाटी नेहमी तिची असायची. आता पेज निवून साय धरायची, तरी ती हात लावत नसे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून निजलेली. मनगट चावून काळं केलेलं. जाऊ म्हणायची, "तुझी पोर म्हंजे राणी. काम नाय, धंदा नाय, ताट जाग्यावर." पण तिनेच एकदा गूळपोहे पोरीच्या उशाशी ठेवलेले मी पाहिले. तेही तसेच राहिले.

आणि दोनदा मुलगी मला विहिरीपाशी दिसली. हातात कळशी नव्हती. नुसती आत बघत उभी. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं वाटलं.

शहापूरच्या दवाखान्यात मनाच्या आजारांच्या डॉक्टरबाई येतात असं कळल्यावर आम्ही तिघं गेलो. बाईंनी विचारलं, "असं कधीपासून आहे?"

हे म्हणाले, "लहानपणापासून अशीच हाय, म्याडम. ऑटिझम हाय ना तिला. कागद आणलेत."

बाई लिहायला लागल्या. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, ह्यांच्या देखत परक्या माणसाशी मी कधी बोलले नव्हते. बाईंचं लिहून संपलं असतं तर आम्ही उठून आलो असतो.

"अशी नव्हती," मी म्हणाले.

हे माझ्याकडे वळले.

"बोलत नव्हती, पण जेवत होती. कामाला जात होती. आता दोन महिने झाले, पडून असते. विहिरीवर जाऊन उभी राहते. मी दोनदा बघितली."

"मला नाय सांगितलंस?" ह्यांचा आवाज बारीक झाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "घरात काय बदललं?"

"काय नाय," हे म्हणाले.

"राब," मी म्हणाले, आणि पोत्यांचं सांगितलं. मीच ओतली, हेही सांगितलं.

बाई म्हणाल्या, ऑटिझम आहे तो राहणार, तिची घडणच तशी. पण ही उदासी वेगळी, हा आजार आहे आणि ह्यावर उपचार आहेत. लोक सगळं ऑटिझमवर ढकलतात, म्हणून अशा मुलांचं दुखणं दिसत नाही. काही बदलायचं असेल तर तिला आधी सांगा, पुन्हा पुन्हा सांगा. गोळ्या चुकवू नका, आणि सध्या एकटी सोडू नका.

ह्यांनी दुसऱ्याच दिवशी विहिरीवर जाळी बसवली. वाफ्याच्या कडेला खाटेएवढी जागा राबाला सोडली.

"एवढ्याशा राबात मूठभर रोप होईल," जाऊ हसली.

"होऊ दे," हे म्हणाले.

पहिले आठ दिवस ती तिकडे गेली नाही. मी रोज गोळी दिल्यावर तिच्यापासून हातभर लांब बसून सांगायची, "पोती मी ओतली. तुला विचारलं नाय. चुकलं माझं. राबाला जागा हाय." मला इतकं बोलायची सवय नाही. नवव्या दिवशी ती उठली आणि रिकामं पोतं घेऊन गेली, मी लांबून मागे. अर्धंच भरून आणलं आणि परत निजली.

ती बरी झाली असं मी लिहिणार नाही. मनगट अजून चावते. शहापूरला पुन्हा जायचं आहे, ते तिला तीनदा सांगून झालं. आज सकाळी तिने पेजेची वाटी पुढे ओढली, दोन घोट घेतले आणि खाली ठेवली. मी ती उचलली नाही. अजून तिथेच आहे.