जावयापासून लपवलेलं आतडं

हसणार तर तुम्ही आहातच, म्हणून आधीच कबूल करतो. अशी माती माझ्याशिवाय कुणी खाल्ली नसेल!

माझा जावई अमेय पोटाचा डॉक्टर. अंधेरीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात असतो. पोट न फाडता, दुर्बीण घालून आतड्यातल्या गाठी काढतो. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये असा एकही माणूस नाही, ज्याला मी लिफ्टमध्ये पकडून हे ऐकवलेलं नाही.

आणि गाठ निघाली कुणाला? मलाच! मोठ्या आतड्यात. पॉलिप म्हणतात त्याला.

"घरात डॉक्टर आसा मा? मगे दाखवा जावयाक!" बायको म्हणाली. ती तापली की मालवणीत शिरते.

"अगं, दाखवायचं काय ते कळतंय का तुला? लग्नात ज्याचे पाय धुतले, त्याच्याकडे पाठ करून मी आता असा... कुशीवर झोपू?"

तुम्हीच सांगा, झाला असता तुम्हाला धीर?

मी गुपचूप घाटकोपरला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस. पण गाठ मोठी आणि पसरट, थोडी आत राहून गेली. काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तर जखमेच्या जागी वण आणि त्या वणात उरलेली गाठ घट्ट रुतलेली. घावन तव्याला चिकटावं तशी!

"आता ही सहज सुटणार नाही," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करून आतड्याचा तुकडाच काढावा लागेल."

"दुसरा काही उपाय?" मी विचारलं.

"नाहीतर अंधेरीला एक तरुण डॉक्टर आहे. वण पडलेल्या गाठी काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही."

नाव सांगितलं त्यांनी. वाट लागली ना! आमचेच जावईबापू!

अमेयने रिपोर्ट पाहिले. "बाबा, आधी का नाही आलात?"

"ते... अमेयराव, तुम्ही बिझी असता ना," मी म्हटलं. काय पण कारण!

त्याने लगेच तारीख दिली. त्या दिवशी सकाळभर खपून वणावरची गाठ कणाकणाने काढली. मला जाग आली तेव्हा उशाशी तोच उभा. "निघाली सगळी, बाबा. ऑपरेशन नको." रडलो हो मी, अगदी लहान पोरासारखा.

"पण कुठे बोलू नका हं, अमेयराव."

"बाबा, पेशंटचं नाव मी कधीच सांगत नाही."

पुढच्या वर्षी अंधेरीतच डॉक्टरांची परिषद होती आणि तिथे अमेयचं भाषण. मला विचारूनच त्याने माझ्या गाठीचा व्हिडिओ दाखवायचं ठरवलं, नाव अर्थातच गाळून. मी आणि बायको त्याचे पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसलो. पडद्यावर माझं भिंतीएवढं आतडं, आणि हॉलभर डॉक्टर टक लावून बघतायत. माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटणं तुटायची बाकी होती!

तेवढ्यात मागून एक ज्येष्ठ डॉक्टर उठले. "व्हिडिओ छान आहे. पण असल्या वणावरची गाठ कधी पूर्ण निघत नाही. शेवटी तुमच्या पेशंटचं आतडं कापावंच लागलं असणार."

अमेय शांतपणे उत्तर द्यायला लागला. पण माझं डोकं सणकलं. माझ्या जावयाला खोटं पाडतो?

"कोण म्हणतो कापलं?" मी उभा राहून ओरडलो. "जसंच्या तसं आहे! काल कोंबडी-वडे जिरवलेत त्याने!"

"तुम्हाला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला? माझं आहे ते!"

हॉलभर माना माझ्याकडे वळल्या. बायकोने पदरात तोंड लपवलं. स्टेजवर अमेय हसू दाबत उभा होता आणि त्याचे डोळे मात्र भरून आले होते. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणता! एका जावयापासून लपवलं ते मी स्वतः उठून हॉलभर डॉक्टरांना सांगितलं होतं.

जेवणाच्या वेळी तेच ज्येष्ठ डॉक्टर हात पुढे करून माझ्याकडे आले.

"माफ करा हं," म्हणाले. "इतका वेळ पडद्यावर तुम्हालाच बघत होतो, पण चेहऱ्यावरून नाही ओळखलं!"